भीतीचे निदान करण्यापूर्वी
(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



धर्मादाय रुग्णालयाचा वर्धापनदिन हा हिशेब मांडण्याचा दिवस असतो. वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती गरजूंना सवलत मिळाली, याचे तक्ते वार्षिक अहवालात येतातच. मला आज अशा तक्त्यांत ज्यांची नोंद सहसा होत नाही, त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. समाजाच्या द्वेषामुळे ज्यांचे मन जखमी झाले आहे आणि त्याच द्वेषाच्या भीतीने जे रुग्णालयाच्या पायरीवरून परत फिरतात, असे हे लोक आहेत.

विषयाचा आवाका मोठा आहे. धर्म, जात, वंश, भाषा, लैंगिक ओळख अशा अनेक कारणांनी माणसे द्वेषाला बळी पडतात. त्या सर्वांविषयी वरवरचे काही बोलण्यापेक्षा आपल्या महाराष्ट्रातील विमुक्त आणि भटक्या जमातींपुरतेच मी बोलणार आहे. त्यांच्याशी माझा कामानिमित्त काही वर्षे संबंध आला, आणि माझ्या व्यवसायातील सर्वांत मोठी चूक मी त्यांच्यापैकीच एका बाईच्या बाबतीत केली. प्रारंभ तिच्यापासूनच करतो.

एक केसपेपर

मनोविकारशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून मी नुकताच एका रुग्णालयात रुजू झालो होतो. एके दिवशी बाह्यरुग्ण विभागात तिशीच्या आतबाहेरची एक फासेपारधी बाई आली. रात्री झोप नाही, छातीत धडधड, सतत डोके दुखते, अशी तिची तक्रार होती. ती खुर्चीत बसली, पण खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसली. गाव विचारले तर तिने एकदा एक सांगितले, थोड्या वेळाने दुसरेच सांगितले. मी लिहू लागलो तेव्हा तिने विचारले, "सायब, ह्यो कागद कुनाकडं जातो?" मी जरा त्रासूनच म्हणालो, "बाई, कुणाकडे जात नाही, इथेच राहतो." तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होते. मी केसपेपरवर नोंद केली: "संशयी वृत्ती. माहितीत विसंगती." झोपेची गोळी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावले.

ती आली. झोप नाही म्हणाली. मी गोळीची मात्रा वाढवली. तिसऱ्या वेळी आली तेव्हाही तेच. बाहेर पडताना ती आमच्या विभागातील मावशींजवळ पायरीवर टेकली. मावशींनी तिला पाणी दिले, चहा दिला, आणि काही वेळ दोघी बोलत बसल्या. संध्याकाळी मावशी मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ती गोळी घेतच नाही. गोळी घेतली की झोप लागणार. झोप लागली तर पाल कोण राखणार?"

मग मावशींनी सर्व सांगितले. जवळच्या गावात चोरी झाली की रात्री पालावर छापा येई. एका रात्री तिच्या नवऱ्याला उचलून नेले होते. तो परत आला तेव्हा त्याला धड चालता येत नव्हते. त्याच्यावर उपचार करण्यासाठी त्याला दवाखान्यात नेले, तर त्याच्या नावाची चिठ्ठी कुणीतरी बाहेर कळवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशीला माणसे आली. तेव्हापासून ती रात्री जागी राहत होती आणि दवाखान्याच्या कागदावर खरे गाव सांगत नव्हती.

मी ज्याला संशयी वृत्ती म्हटले होते, तो तिचा अनुभव होता. माहितीतली विसंगती ही तिने आपल्या माणसांसाठी घातलेली कुंपणाची काठी होती. मी पुढच्या भेटीची वाट पाहिली. ती पुन्हा आली नाही. पालही त्या माळावरून हलले होते. तिचा केसपेपर माझ्या अक्षरासह त्या रुग्णालयाच्या दप्तरात कुठेतरी असेल, आणि त्यावर चूक दुरुस्त केल्याची नोंद नाही.

भीतीला इतिहास असतो

त्या बाईची भीती एका छाप्यातून जन्मलेली नव्हती. तिला जवळजवळ दीड शतकाचा इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. एखादी संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार आहे असे जाहीर करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाख्यातील जमातीही त्याच्या कक्षेत आल्या. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही. अनेक कुटुंबांना 'सेटलमेंट' नावाच्या वसाहतींत कोंडण्यात आले. सोलापूरची सेटलमेंट आणि तिच्या तारांचे कुंपण आजही तेथील जुन्या पिढीच्या बोलण्यात येते. मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही त्या कायद्यात होती.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, परंतु या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून मुक्त झाल्या. म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. कायदा गेला तरी सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे निरनिराळ्या राज्यांत आले, आणि पोलीस ठाण्यापासून गावच्या चावडीपर्यंत जुनी नजर तशीच राहिली. महाराष्ट्राच्या मूळ यादीत १४ विमुक्त आणि २८ भटक्या जमाती आहेत. देशपातळीवर त्यांपैकी काही अनुसूचित जातींत, काही अनुसूचित जमातींत, काही इतर मागासवर्गांत मोडतात, आणि काही कुठल्याच यादीत नाहीत. एकाच पालावरच्या माणसाला एका राज्यात एक संरक्षण आणि सीमा ओलांडली की दुसरे, अशी ही अवस्था आहे. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली, आणि पुढे भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने, हे प्रश्न सरकारपुढे सविस्तर मांडले आहेत.

कारागृहांच्या नियमावल्यांत तर या जमातींविषयीचे जुने उल्लेख अगदी अलीकडेपर्यंत टिकून होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले, यावरून कागदावरचा शिक्का किती खोल जातो याची कल्पना यावी. "ह्यो कागद कुनाकडं जातो?" हा प्रश्न त्या बाईने उगाच विचारला नव्हता.

द्वेष मनाचे काय करतो

आता वैद्यकीय बाजूकडे वळतो. एखादा अपघात किंवा भूकंप घडतो, तो सरतो, आणि माणूस हळूहळू सावरू लागतो. द्वेषाच्या बाबतीत घटना सरली तरी तिचे कारण शिल्लक राहते. ते कारण म्हणजे त्या माणसाची ओळखच असते. ती घरी ठेवून बाहेर जाता येत नाही. म्हणून शरीर सतत सावध राहते. झोप सावध होते, मोटारीचा आवाज आला की छाती धडधडते, अंगदुखी, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहतात. इलान मायर या संशोधकाने २००३ साली अल्पसंख्य गटांवरील या जादा ताणाची मांडणी केली. प्रत्यक्ष छळ हा त्याचा एक भाग. छळ होईल या अपेक्षेने सदैव जागे राहणे हा दुसरा. आपली ओळख लपविणे हा तिसरा, आणि लोक आपल्याविषयी जे बोलतात ते आपल्यालाच खरे वाटू लागणे हा चौथा. मायर यांचा अभ्यास लैंगिक अल्पसंख्याकांविषयी होता, पण हे चारही भाग मला पालावर दिसले आहेत. शाळेत मुलगा आडनाव बदलून सांगतो, तेव्हा तो तिसरा भाग असतो. "आमची जातच तशी" असे एखादा म्हातारा हसत म्हणतो, तेव्हा तो चौथा भाग असतो, आणि माझ्या मते सर्वांत वेदनादायक असतो.

द्वेषाची दुसरी विशेषता अशी की, त्याचा घाव एकावर पडतो आणि त्याची कळ साऱ्या जमातीला जाणवते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी जे घडले, ते आपण विसरलेले नसाल. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली होती. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारहाण करून ठार केले. मारहाणीचा शेवट ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाला, म्हणजे जिथे माणसाने आसरा मागावा त्याच जागी. त्यानंतर १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी केंद्र व राज्य सरकारांना सविस्तर निर्देश दिले.

त्या पाच घरांवर काय कोसळले असेल याची कल्पना आपण करू शकतो. परंतु डौर वाजवीत, गाणी म्हणत, परमुलखात भिक्षा मागणे हा ज्यांचा पिढीजात मार्ग, त्या इतर शेकडो कुटुंबांचे काय? अनोळखी गावात शिरणे हीच ज्यांची उपजीविका, त्यांना अनोळखी गाव हेच संकट झाले. बहुरूपी, नंदीवाले, जोशी, गोपाळ अशा फिरत्या समाजांनाही तोच प्रश्न पडला. घरधनी परगावी गेला की मागे राहिलेल्या बायका फोनची वाट पाहत जागतात. हेही मानसिक आरोग्याचेच प्रश्न आहेत, पण त्यांची नोंद कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात होत नाही.

दोन टोकांच्या चुका

येथे आम्हा डॉक्टरांकडून दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली मी केली ती. जी भीती परिस्थितीला साजेशी आहे तिलाच रोग म्हणावयाचे आणि रोग्यावर उपचार करावयाचे. मग त्या भीतीचे कारण तसेच राहते, आणि वर रुग्णाच्या माथी आणखी एक शिक्का बसतो. 'गुन्हेगार' होताच, आता 'मनोरुग्ण'ही झाला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्याची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती, किंवा एखाद्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटाचे सदस्यत्व, यावरून मानसिक आजार ठरविता येणार नाही. हे कलम प्रत्येक तपासणी कक्षात लावून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. "त्यांचे जगणेच असे, त्यात आपण काय करणार," असे म्हणून खरा आजारही सोडून द्यावयाचा. द्वेष सोसणाऱ्या माणसालाही तीव्र नैराश्य येते, आघातोत्तर ताणविकार होतो, दारूचे व्यसन जडते, स्किझोफ्रेनिया होतो. त्याला औषधाचीही गरज असते आणि ते मिळण्याचा त्याला पूर्ण हक्क असतो. त्याच कायद्याच्या कलम १८ ने जात, धर्म, वर्ग, लिंग अशा कोणत्याही कारणाने भेदभाव न करता ही सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. गरिबीच्या आणि अन्यायाच्या कहाणीने भारावून जाऊन निदान न करणे हीही हेळसांडच होय.

मग या दोहोंत फरक कसा करावा? माझ्या अल्प अनुभवावरून सांगतो. भीतीविषयी विचारण्यापूर्वी तिच्या कारणाविषयी विचारावे. "तुम्हाला कुणी त्रास देते असे वाटते का?" या प्रश्नात रुग्णाच्या शब्दाविषयी शंका आहे. "तुम्हाला कुणी त्रास दिला आहे का? केव्हा? त्या वेळी तुम्ही काय केलेत?" या प्रश्नांत विश्वास आहे. उत्तर ऐकल्यावर पाहावे की, धोका टळलेल्या जागीही भीती टिकते का, माणूस कामधंद्यातून, जेवणातून, आपल्या मुलांच्या सहवासातून उठला आहे का, मरणाचे विचार येतात का. तसे असेल तर उपचार हवेत. भीती केवळ माळावरच्या रात्रीपुरती असेल, तर उपचाराची गरज माळाच्या भोवती राहणाऱ्यांना अधिक आहे असे समजावे.

काय उपयोगी पडते

हिंसेच्या घटनेनंतरच्या पहिल्या दिवसांत काय करावे, याविषयी आता बरीच स्पष्टता आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचे सार तीन क्रियांत आहे: पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. माणूस सुरक्षित आहे का, त्याला पाणी, अन्न, पांघरूण मिळाले का, हे पाहावे. तो बोलेल ते ऐकावे. ज्या मदतीची त्याला गरज आहे तिच्याशी त्याला जोडून द्यावे. घडलेली हकिकत पुन्हा पुन्हा वदवून घेतल्याने मन मोकळे होते, हा समज बरोबर नाही. सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सारे बोलते करण्याची पद्धत आता सुचविली जात नाही. तसेच आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात सरसकट झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असेही त्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. आमच्या मावशींनी एक कप चहा देऊन यांपैकी बहुतेक गोष्टी त्या मार्गदर्शिकेच्या कितीतरी आधी केल्या होत्या.

जोडून देणे याचा अर्थ या समाजांच्या बाबतीत फार व्यापक आहे. गुन्ह्याची नोंद करण्यास मदत करणारा वकील, मुलांच्या शाळेतील शिक्षक, शिधापत्रिका मिळवून देणारा कार्यकर्ता, हे सारे मानसिक उपचाराचेच भाग आहेत. आणि आपल्या हातात असलेली एक गोष्ट तर आपण फार हलक्याने घेतो. ती म्हणजे जखमांची अचूक नोंद. मारहाण झालेला माणूस आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या अंगावरचा प्रत्येक वळ, त्याची जागा, त्याचा आकार, आणि तो कसा झाला म्हणून त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत, आपण लिहिले पाहिजे. "पडून लागले" असे लिहून सुटका करून घेणे सोपे असते. परंतु पुढे न्यायालयात त्याचा शब्द खरा ठरला की नाही, यावर त्याच्या मनाचे सावरणे कितीतरी अवलंबून असते. न्याय मिळाला की मन बरे होतेच असे नाही, पण आपले सांगणे कुणी खरे मानले, हा दिलासा औषधाला मागे टाकतो.

प्रश्न येतो मनुष्यबळाचा. इतके मनोविकारतज्ज्ञ आणायचे कोठून? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथे १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने स्थानिक, बिगर डॉक्टर व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्यावरील समुपदेशन प्राथमिक आरोग्य केंद्रांतून करून दाखविले. त्याचा उपयोग होतो हे शास्त्रशुद्ध चाचण्यांतून सिद्ध झाले, आणि ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मला वाटते, पालावरच्याच एखाद्या दहावी-बारावी झालेल्या मुलीला असे प्रशिक्षण दिले, तर ती जे करील ते आपल्यापैकी कुणालाही जमणार नाही. तिला भाषा येते. पारध्यांच्या घरात मराठी बोलली जात नाही, आणि दुःखाची भाषा घरचीच असते. ऐन वेळी दुभाषा म्हणून लहान मुलाला पुढे करू नये, हेही येथे नमूद करतो. आईवरच्या अत्याचाराची कहाणी मुलाच्या तोंडून सांगविणे ही दुहेरी इजा आहे.

स्वतःची गोष्ट स्वतः सांगण्यातही मोठे बळ असते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले, तेव्हा मराठी वाचकांनी ती साहित्यकृती म्हणून वाचली. त्या जमातींतील तरुणांनी ती आपल्या लाजेचे ओझे उतरविणारी पुस्तके म्हणून वाचली, असे मला अनेकांनी सांगितले आहे. अहमदाबादच्या छारानगरातील छारा तरुणांनी १९९८ साली 'बुधन' हे नाटक उभे केले. पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात कोठडीत मृत्यू पावलेल्या बुधन शबर या खेरिया शबर तरुणाची ती कथा होती. त्यातून 'बुधन थिएटर' ही चळवळ उभी राहिली. जे आपल्यावर घडले ते आपणच रंगमंचावरून सांगावयाचे, आणि ऐकणाऱ्यांनी मान खाली घालावयाची, या उलटापालटीत मनाला उभारी देण्याचे सामर्थ्य आहे.

आपल्या खिडकीपासून

आता शेवटचा आणि सर्वांत जवळचा मुद्दा. आपले रुग्णालय सार्वजनिक न्यासाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. आपण ते सर्व करतो. पण त्या खाटेपर्यंत पोहोचण्यासाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा दाखला लागतो. ज्याचे पाल दर काही महिन्यांनी हलते, त्याने दाखला कोणत्या तहसिलीतून आणावा? सर्वाधिक निर्धन तोच निर्धन रुग्ण निधीच्या बाहेर राहतो. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावे, असे ती योजनाच सांगते. आपला समाजसेवा अधिकारी रुग्णाला दाखला आणण्यासाठी परत पाठविण्याऐवजी उपचार चालू असताना स्वतः तहसील कार्यालयाशी पत्रव्यवहार करील, एवढा ठराव विश्वस्त मंडळाने करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

दुसरी विनंती केसपेपरच्या खिडकीसंबंधी आहे. रांगेतल्या दहा माणसांसमोर नाव, गाव आणि जमात मोठ्याने विचारली जाते. ज्याला उपचाराशी संबंध नाही ते विचारू नये, आणि जे विचारणे आवश्यक आहे ते हलक्या आवाजात विचारावे. गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. "कागद कुठे जातो" याचे उत्तर प्रत्येक रुग्णाला न विचारता मिळावे, यासाठी मराठी आणि हिंदीतून एक फलक लावता येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते तोंडी सांगावे. शिवाय प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षक बंधूंना माझे सांगणे आहे की, विटके लुगडे आणि काखेतले झोळणे पाहून कुणाची झडती घेऊ नका. आपल्या रुग्णालयाचा पहिला मानसोपचार तुमच्या हातून होतो.

तिसरी गोष्ट बोलताना मला संकोच वाटतो, तरीही बोललेच पाहिजे. द्वेष केवळ रुग्णालयाच्या बाहेर असतो असे नाही. २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी तरुण डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. पांढरा कोट घातल्याने कुणी त्या टोमण्यांपासून सुरक्षित होत नाही, आणि पांढरा कोट घातल्याने कुणी टोमणे मारणे थांबवतो असेही नाही. आपल्या निवासी डॉक्टरांना, परिचारिकांना, सफाई कामगारांना निर्भयपणे तक्रार करण्याची जागा आहे का, हे विश्वस्तांनी तपासून पाहावे. जी संस्था आपल्या माणसांना सन्मानाने वागवीत नाही, ती रुग्णांना सन्मानाने वागवील यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. अडचणीत असलेल्या कुणालाही शासनाची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तो क्रमांक आपल्या प्रत्येक मजल्यावर लिहिलेला असावा.

मित्रहो, रुग्णालय द्वेष नाहीसा करू शकत नाही, हे मी जाणतो. त्यासाठी शाळा, पोलीस, न्यायालये, ग्रामपंचायती आणि आपण सर्व नागरिक यांना फार काम करावे लागेल. ज्या माळावर रात्री छापा पडतो तेथे आमच्या गोळ्या पुरेशा ठरणार नाहीत. पण द्वेषाने पोळलेला माणूस आपल्या दाराशी आला, तर त्याला निदान येथे तरी त्या द्वेषाची आठवण होऊ नये, इतके करणे पूर्णतः आपल्या हाती आहे. त्याला खर्च थोडा लागतो. लागते ती थोडी सबुरी आणि ऐकण्याची तयारी.

ती बाई मला पुन्हा भेटली नाही. भेटली असती तर मी केसपेपरवरचे माझे दोन शब्द खोडले असते आणि तिला दाखविले असते. आता ते शक्य नाही. तिच्यासारखी कुणी उद्या आपल्या खिडकीशी येईल आणि विचारील की हा कागद कुठे जातो. त्या वेळी खिडकीतल्या आपल्या सहकाऱ्याने मान वर करून, शांतपणे, पूर्ण उत्तर द्यावे, एवढेच मागणे या वर्धापनदिनी मी आपणाकडे मागतो.